दम लागतो, पण बीपी नॉर्मल: तुमचे प्रश्न

प्रश्न (देवगड, वय ३४): घाटी चढले की दम लागतो. परवा विहिरीवरून कळशी आणताना शुद्धच हरपली. दम्याचा पंप घेते, फरक नाही. बीपी, ईसीजी नॉर्मल.

उत्तर: ताई, दंडाला पट्टा बांधून मोजतात ते शरीराचं बीपी, फुफ्फुसात रक्त नेणाऱ्या धमनीचं प्रेशर त्यात कळत नाही. त्या धमन्या आतून जाड होऊन अरुंद झाल्या की हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो, याला पल्मोनरी आर्टेरियल हायपरटेन्शन म्हणतात, दुर्मिळ आहे पण बायकांमध्ये जास्त, आणि सुरुवातीला दमा, रक्त कमी नाहीतर 'टेन्शन घेते' म्हणून खपून जातं. मला दम लागण्यापेक्षा ते शुद्ध हरपणं खटकलं. याच आठवड्यात टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करा, चिठ्ठीवर 'उजवी बाजू आणि पीए प्रेशर (म्हणजे त्याच फुफ्फुसाच्या धमनीचं प्रेशर) बघा' असं मुद्दाम लिहून घ्या. थंड पाण्यात बोटं पांढरी पडत असतील तर तेही सांगा, स्क्लेरोडर्मा (कातडी कडक करणारा आजार) शोधावा लागतो. बाळाचा विचार असेल तर निदान होईपर्यंत थांबाच, या आजारात गरोदरपण जिवावर बेतू शकतं.

प्रश्न (कणकवली): इकोत फुफ्फुसाच्या धमनीचं प्रेशर ५८ आलं. गोळी सुरू करू का? कॅथेटर कशाला?

उत्तर: इको म्हणजे अंदाज. मानेच्या किंवा जांघेच्या शिरेतून बारीक नळी घालून प्रत्यक्ष मोजतात, धमनीचं सरासरी प्रेशर २० च्या वर (आधी २५ धरायचे), वेज प्रेशर (यावरून हृदयाच्या डाव्या बाजूचं प्रेशर कळतं) १५ किंवा कमी, आणि धमन्यांचा अडथळा २ वूड युनिटच्या (अडथळा मोजायचं माप) वर, तरच हा आजार. वेज जास्त आलं तर मूळ दोष हृदयाच्या डाव्या बाजूचा, आणि खरं तर बहुतेकांचं तेच निघतं, मग सिल्डेनाफिलसारख्या, फुफ्फुसाच्या धमन्या सैल करणाऱ्या गोळ्यांचा उपयोग नाही, उलट त्रासही होऊ शकतो. मेडिकलवाल्याकडून आणून सुरू करू नका.

प्रश्न (चिपळूण): बाबांच्या पायातली गुठळी फुफ्फुसात गेली होती. रक्त पातळ व्हायची गोळी सहा महिने चालू आहे, तरी धाप लागते. सीटी ठीक.

उत्तर: व्हीक्यू स्कॅन (फुफ्फुसात हवा आणि रक्त कुठे पोचतं ते दाखवणारा) झाला का? तीन महिने गोळी घेऊनही धाप राहिली तर तो हवाच. जुन्या गुठळ्या धमनीच्या भिंतीला जाळ्यासारख्या चिकटतात आणि तिथलं प्रेशर वाढवतात, सीटीत सुटू शकतात. मुंबईला जावं लागलं तरी जा, कारण या प्रकारात ऑपरेशन करून त्या सोलून काढता येतात, सगळ्यांच्या नाही पण बऱ्याच जणांच्या. गोळी मात्र बंद करू नका.

प्रश्न (गुहागर): आमच्याकडच्या गिमवी गावात पूर्वी सापडलेल्या शिस्टोसोमा जंतामुळे फुफ्फुसाचं प्रेशर वाढतं का?

उत्तर: ब्राझीलमध्ये शिस्टोसोमा जंत हे याचं मोठं कारण आहे, पण तिथली जात आतड्याची. गिमवीत १९५०च्या दशकात सापडला तो लघवीच्या मार्गाचा. धाप लागत असेल तर जंत सोडा, इको करा.