सहीला किती ओळी?

प्रिय मित्रा,

कथा दोनदा वाचली. एकदा नुसता वाचक म्हणून, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. संवाद तुला छान जमतात, आणि घोळ तिथेच झालाय. जमतात म्हणून तू ते सगळीकडे पेरलेस.

दोघं भाऊ घर विकायला निघतात. प्रवासातल्या गप्पांना तीन पानं: खिडकी कोणाला, पाणी घेतलंस का, पोचायला किती वेळ. आणि दादा कागदावर सही करतो तेव्हा? ‘शेवटी दादाने जड अंतःकरणाने सही केली.’ संपलं. अरे, कथा तर तिथे होती!

‘सांगू नका, दाखवा’ हे तू मनावर घेतलेलं दिसतंय. सल्ला वाईट नाही, पण अर्धाच आहे. सगळंच दाखवत बसलं की नेमकं कशाकडे बघायचं ते वाचकाला कळेनासं होतं. जेरार झेनेत या फ्रेंच अभ्यासकाने १९७२ साली कथनाच्या चार गती मांडल्या. प्रसंगात घडण्याचा आणि वाचण्याचा वेळ साधारण बरोबरीने चालतो, सारांशात वर्षं ओळीत उरकतात, वर्णनाला घड्याळ थांबतं, आणि काही काळ सरळ गाळला जातो. ही चौथी गती तुझ्याकडे जवळजवळ नाहीच. गाळायला घाबरतोस तू.

प्रवास एका वाक्यात उरक: ‘सहा तासांत दोघं घर सोडून सगळ्याबद्दल बोलले.’ हे निव्वळ सांगणं आहे, तरी ताण जाणवतो की नाही? त्यातून उरलेली जागा सहीला दे. दादा पेन उघडतो. टोपण खिशात ठेवतो, परत काढतो, पेनाला लावतो. धाकटा विचारतो, ‘दुसरं देऊ?’ आता ते जड अंतःकरण खोडून टाक. (मीही कित्येक वर्षं पात्रांची अंतःकरणं अशीच जड केली आहेत.)

आईचा फ्लॅशबॅक सहीच्या ऐन मधे नको. वाचक पेनाकडे बघत असताना तू त्याला वीस वर्षं मागे ओढून नेतोस. घराचं कुलूप उघडतात तिथे दोन ओळींत येऊ दे. शिवाय त्या आठवणीत तू धाकट्याच्या मनातून एकदम दादाच्या मनात शिरलास. बाकी सगळी कथा धाकट्याच्या नजरेतून चालली आहे. दादाच्या आत काय चाललंय ते त्याला कळणार कसं? टोपणावरून काय तो अंदाज बांधू दे.

वर्णनं ठीक. पावसाचा परिच्छेद तेवढा उडव.

नवा खर्डा पाठव. टोपणाऐवजी दुसरं काही सुचलं तर तेच ठेव, टोपण माझं आहे.