'सॉरी डॉक्टर, त्रास देतेय'

"मॅडम, मी नोकरी सोडू का?" समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या मुलीनं खुर्चीत टेकता टेकताच विचारलं. नर्सिंग पूर्ण करून ऑर्थो, म्हणजे हाडांच्या वॉर्डात रुजू झाल्याला तिला सात आठवडे झाले होते. ड्युटीवर निघताना पोटात गोळा यायचा, सुट्टीच्या दिवशीही कानात वॉर्डातली बेल वाजायची. "मला काहीच येत नाही. माझ्या हातून कुणाचं तरी वाईट होणार." (तिची परवानगी घेऊन लिहितेय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.)

'होईल हळूहळू सवय' म्हणून मी अशा वेळी कुणाची बोळवण करत नाही. कामाचं नेमकं काय अंगावर येतं, तेवढंच विचारलं.

ती भरभरून बोलली. ट्रॅक्शनची, म्हणजे मोडलेल्या हाडाला ताण देण्यासाठी बांधलेली वजनं अधांतरीच लटकायला हवीत, पण नातेवाईक दया येऊन ती स्टुलावर टेकवून ठेवतात. खुब्याचा सांधा बदललेल्या आजींना कुशीवर वळवताना पायांमधली उशी सरकली तर? मणक्याला मार लागलेल्या पेशंटला चौघांनी मिळून एकाच वेळी, ओंडक्यासारखं सरळ वळवायचं. आणि चौथं माणूस वेळेला मिळत नाही. तेच विचारायला गेली तेव्हा इन्चार्ज सिस्टर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "एवढंही शिकवलं नाही का?" त्या दिवसापासून तिनं विचारणंच बंद केलं.

मग ती नाइट ड्युटीबद्दल बोलली. नडगीचं हाड मोडलेला, पायाला प्लास्टर घातलेला एक तरुण. वेदनाशामक इंजेक्शन देऊन तास झाला तरी दुखणं वाढतच होतं. तिनं पायाची बोटं पाहिली. गुलाबी, कोमट. नख दाबून सोडलं तर दोन सेकंदांत रंग परत येत होता. सगळं ठीक. पण अंगठा हलकेच वर केला आणि तो ओरडला. तिला शंका आली. तरी वीस मिनिटं ती फोनजवळ नुसती उभी राहिली. शेवटी फोन केला. डॉक्टर आले, प्लास्टर आतल्या कापसासकट उभं कापलं, पाय हृदयाच्या पातळीला ठेवला. पाय वाचला. तिच्या मनातून मात्र ती वीस मिनिटं जात नव्हती.

ऑर्थोतल्या प्रत्येक नव्या सिस्टरनं ही गोष्ट मनावर कोरून ठेवावी असं मला वाटतं. प्लास्टरच्या आत सूज वाढून स्नायूंवर दाब येतो, त्याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. त्यात रंग आणि नाडी बऱ्याच उशिरापर्यंत चांगली राहू शकते. आधी बोलतं ते दुखणं: औषधाला न जुमानणारं, बोट ताणलं की उसळणारं. साधारण सहा तास रक्त न मिळालेला स्नायू पुन्हा पूर्वीसारखा होत नाही.

मी तिला म्हटलं, "काहीच येत नाही म्हणतेस, आणि रंग चांगला दिसत असूनही तू बोट ताणून पाहिलंस. येत नाही ते वेगळंच आहे. तुला फोन करता येत नाही."

ती रडली. मग आम्ही फोन करायचा सराव केला, अगदी मोठ्यानं बोलून. तिचं पहिलं वाक्य होतं, "सॉरी डॉक्टर, त्रास देतेय, कदाचित काही नसेलही..." ते काढून टाकायला तिला दहा-बारा वेळा बोलावं लागलं. शेवटी जमलं ते असं: "मी ऑर्थो वॉर्डातून बोलतेय. आज प्लास्टर घातलेल्या पेशंटचं दुखणं इंजेक्शननंतरही वाढतंय, बोटं ताणली की जास्त. मला कंपार्टमेंट सिंड्रोमची शंका आहे. तुम्ही आत्ता येऊन बघा." बोलताना आवाज थरथरला तरी चालेल, माफी नको.

सगळा भार तिच्यावर टाकून मी मोकळी झाले नाही. पेशंटसमोर नव्या मुलीचा पाणउतारा करणं हा वॉर्डाचा दोष आहे, तिचा नाही. आणि त्याची किंमत शेवटी पेशंट मोजतो. अमेरिकेतल्या नर्सिंग अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी 1984 मध्ये मांडलं की एकाच प्रकारच्या कामात दोन-तीन वर्षं गेल्यावर नर्स सक्षम होते. सात आठवड्यांत स्वतःला नापास करणाऱ्या मुलीला हा हिशोब कुणीतरी सांगायला हवा होता. सुरुवातीचे काही महिने एक ठरावीक सिनियर सोबत द्या, असं तिनं मेट्रनकडे लेखी मागितलं. महिनाभर का होईना, मिळाली.

चौथ्या भेटीत तिनं सांगितलं, पहाटे तीनला पुन्हा फोन केला होता. डॉक्टर आले, पाय तपासला, "ठीक आहे" म्हणून निघून गेले. शंका खोटी निघाली होती.

"मग?" मी विचारलं.

"मग काही नाही. दर तासाला बोटं बघत राहिले," ती म्हणाली. "सकाळी घरी जाऊन झोपले."