दाजींच्या रिपोर्टमधलं आयडीएच म्हणजे काय हो?

प्रश्न : डॉक्टर, आमच्या दाजींचं महिन्याभरापूर्वी मेंदूच्या गाठीचं ऑपरेशन झालं. वय ३८. रिपोर्टला अ‍ॅस्ट्रोसायटोमा ग्रेड ३, आयडीएच म्युटंट, एटीआरएक्स लॉस असं आलंय. मोबाईलवर बघितलं तर पंधरा महिने म्हणतात, आक्का रडून रडून अर्धी झालीय. एक पाहुणे म्हणाले गाठीत इम्युनिटीच्या पेशी भरपूर असतात म्हणजे शरीर लढतंय, म्हणून गुळवेलीचा काढा चालू केलाय. मुंबईला कुठलं तरी इम्युनिटीचं महागडं इंजेक्शन पण आहे म्हणे, त्यासाठी रान विकायचं चाललंय. काय करावं?
— एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : आयडीएच हा पेशीतला एक जीन, म्युटंट म्हणजे गाठीत तो बदललाय. एटीआरएक्स लॉस म्हणजे त्या नावाच्या दुसऱ्या जीनचं प्रोटीन गाठीत दिसत नाही, आणि अ‍ॅस्ट्रोसायटोमा म्हणजे मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींसारख्या पेशींची गाठ. आधी आक्कांना सांगा, तो पंधरा महिन्यांचा आकडा दाजींचा नाहीच. २००५ च्या एका मोठ्या अभ्यासात ग्लिओब्लास्टोमा या मेंदूतल्या फार आक्रमक गाठीच्या पेशंटना रेडिएशनबरोबर टेमोझोलोमाइड ही केमोची गोळी दिली तेव्हा निम्मे पेशंट १४.६ महिन्यांपलीकडे जगले, नेटवर सगळीकडे तोच फिरतोय. २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात आयडीएच म्युटंट गाठीला ग्लिओब्लास्टोमा म्हणतच नाहीत, तो आजारच वेगळा धरतात, हळू वाढणारा, आणि त्याचा हिशेब सहसा वर्षांत करतात. बरा झाला असं मात्र समजू नका, परत वाढू शकतो, म्हणून रेडिएशन आणि केमो चुकवायची नाही.

आता रिपोर्टला अजून दोन गोष्टी बघायच्यात. सीडीकेएन२ए जीनच्या दोन्ही कॉपी गेल्या असतील तर मायक्रोस्कोपखाली ग्रेड ३ दिसली तरी ती ग्रेड ४ धरतात. दुसरं एमजीएमटी, हा जीन टेमोझोलोमाइडनं केलेली मोडतोड दुरुस्त करणारं प्रोटीन बनवतो, तो मिथायलेशननं, म्हणजे त्यावर बसलेल्या रासायनिक खुणेनं, बंद असेल तर गोळी जास्त लागू पडायची शक्यता असते. या टेस्ट झाल्या नसतील तर पॅथॉलॉजीतनं पॅराफिन ब्लॉक मागून घ्या. अंगठ्याएवढ्या प्लास्टिकच्या कॅसेटवर मेणात बसवलेला गाठीचा तुकडा असतो तो. कॅसेटवरचा नंबर रिपोर्टशी जुळतो का तिथंच बघा, आणि महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईच्या टाटा हॉस्पिटलला नेणार असाल तर हातातल्या पिशवीत ठेवा, उन्हात तापलेल्या गाडीत नको, मेण वितळतं.

पाहुण्यांचं म्हणणं मात्र उलटं आहे. ग्लिओब्लास्टोमात मॅक्रोफेज आणि मायक्रोग्लिया या इम्युनिटीच्या पेशी कधी गाठीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत, कधी त्याहून जास्त असतात, पण गाठ त्यांना आपल्या बाजूला वळवते आणि त्या लढायच्या सोडून तिलाच वाढायला मदत करतात, खऱ्या लढणाऱ्या टी पेशी तिथं थोड्याच पोचतात. आयडीएच म्युटंट गाठीत तर इम्युनिटीच्या पेशी एकूणच कमी, शिवाय ती गाठ २-हायड्रॉक्सीग्लुटारेट नावाचं रसायन सोडून टी पेशींना दाबून टाकते. यावर संशोधन जोरात चालू आहे, पण आज तुमच्या डॉक्टरांनी औषध ठरवायचं ते जीनच्या रिपोर्टवर, पेशी मोजून नाही. इम्युनिटीच्या इंजेक्शनचं म्हणाल तर त्यातलं निव्होलुमॅब परत आलेल्या ग्लिओब्लास्टोमात तपासलं, २०२० मध्ये निकाल आला, आयुष्य वाढलं नाही. रान विकू नका! कोण आग्रह करत असेल तर ही ट्रायल, म्हणजे औषधाची चाचणी, आहे का, आणि ट्रायलच्या औषधाचे पैसे का मागताय, हे दोन प्रश्न तोंडावर विचारा.

काढा आजच बंद करा. मला कळतं, घरच्यांना हातावर हात ठेवून बसवत नाही. पण गुळवेलीनं लिव्हरला त्रास झालेल्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्येच छापल्यात, आणि टेमोझोलोमाइड चालू असताना लिव्हरवर तसंच लक्ष ठेवावं लागतं, वर दोन गोष्टी एकत्र दिल्या तर कशानं बिघडलं ते कळायचं नाही. सुजेसाठी डेक्सामेथासोन चालू असेल तर ते स्वतःहून एकदम थांबवू नका, शुगर मात्र तपासत राहा. गोळीनं पांढऱ्या पेशी उतरतात म्हणून ठरलेल्या तारखेला सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, करा आणि १००.४ च्या वर ताप आला तर सकाळची वाट न बघता रात्रीच दवाखाना गाठा.