घरून काम करणारे लोक दिवसभर खरंच काय करतात?

ताई, तुम्ही लिहिलंय की धाकटा दीर तीन वर्षं एका अमेरिकन क्लायंटचं काम घरून करतोय आणि दुपारी अडीचला बघावं तर लॅपटॉप उघडा, हा गाढ झोपलेला. मग ही माणसं खरंच काम करतात का, आणि करत नसतील तर वेळ घालवतात कशात, खरं खरं सांगा, असं तुमचं म्हणणं. मी मार्च २०२० पासून कोल्हापुरात, शिवाजी पेठेतल्या सासरच्या घरातून काम करते. पुण्यातल्या एका कंपनीसाठी आरोग्य विम्याचे क्लेम तपासते. हा प्रश्न मलाही घरीदारी सतत ऐकावा लागतो, फक्त तुमच्याइतका सरळ कुणी विचारत नाही. म्हणून जे आहे ते सांगते.

काम होतं. पण ते सलग होत नाही, आणि नऊ ते सहात तर पूर्ण होतच नाही. दिवसभर त्याचे तुकडे पडतात आणि ते तुकडे पहाटे नाहीतर रात्री गोळा करावे लागतात. बघणाऱ्याला यातला एखादाच तुकडा दिसतो आणि त्यावरून तो अख्ख्या दिवसाचा हिशोब मांडतो.

गेल्या वर्षी एकाच आठवड्यात मला दोन्ही बाजूंनी बोलणी बसली. मॅनेजर म्हणाले, ऑफिसच्या टीम्स या चॅटवर दुपारी तुमच्या नावाजवळचा ठिपका फार वेळ पिवळा असतो, म्हणजे तुम्ही जागेवर नसता. आणि आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "दिवसभर त्या डबड्याम्होरंच बसलेली असतीस, घराकडं कधी बघायचं?" दोघांचंही एकाच वेळी खरं कसं असेल? मी एक वही केली. केंद्र सरकारची वेळेच्या वापराची जी पाहणी होते, तिच्यात पहाटे चार ते दुसऱ्या पहाटे चार असा दिवस धरतात आणि अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने पाडतात. मी तसेच रकाने आखले आणि दोन आठवडे, कामाचे दहा दिवस, एकही रकाना न चुकवता भरला.

आषाढातल्या एका शुक्रवारचं पान समोर ठेवते. पहाटे साडेपाचला नळाचं पाणी. सहा ते पावणेसात क्लेमच्या पाच फाइली, कारण घर अजून झोपलेलं. मग डबा, मुलाची शाळा, मिस्टर शिरोली एमआयडीसीला जातात त्यांचा नाश्ता. नऊला लॉगिन, टीमचा कॉल पंचवीस मिनिटं. साडेनऊ ते अकरा सलग नऊ फाइली. दिवसातला सगळ्यात चांगला वेळ हाच. मामा, म्हणजे सासरे, बाजारात आणि आत्या देवघरात असतात. अकरानंतर मात्र दार वाजायला लागलं. आधी कुरिअर, मग गॅसवाला, मग शेजारच्या काकू किल्ली ठेवायला, "तू घरातच असतीस म्हणून बरं." दुपारी दोनला परत बसले.

साडेतीनच्या सुमारास सांगलीकडच्या एका हॉस्पिटलच्या बिलिंगच्या बाईंशी फोनवर होते. कोपऱ्यावरून मिरवणुकीतल्या पी ढबाक वाद्यांचा आवाज सुरू झाला आणि बघता बघता दारात आला. आषाढात मंगळवारी आणि शुक्रवारी पंचगंगेचं नवं पाणी त्र्यंबोली देवीला घेऊन जातात, आमच्या पेठेतून त्या दिवशी मिरवणूक होती. बाई म्हणाल्या, "काय वाजतंय हो तुमच्याकडं?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग राहू दे, नंतर बोलू. माझाबी नमस्कार सांगा देवीला." मी तांब्या घेऊन पायरीवर गेले, कलश घेतलेल्या मुलींच्या पायांवर पाणी घातलं, वीस मिनिटं तिथंच उभी राहिले. रकान्यात लिहिलं, 'काम नाही'. पुण्यात दहा वर्षं नोकरी केली, त्या काळात ही मिरवणूक मला एकदाही बघायला मिळाली नव्हती. त्या वीस मिनिटांबद्दल मला कुणी जाब विचारला तर मी तेच सांगेन. राहिलेल्या फाइली रात्री पावणेदहा ते अकरा.

दहा दिवसांची सरासरी काढली तेव्हा नऊ ते सहात प्रत्यक्ष फाइलीवर चार तास दहा मिनिटं निघाली. कॉल आणि मेसेज एक तास वीस मिनिटं, घरकाम एक तास चाळीस, व्हीपीएन, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कशी जोडणारं कनेक्शन, अडकलं की वाट बघण्यात पंचवीस मिनिटं, जेवण-चहा चाळीस. आणि पाऊण तास मी हातात फोन घेऊन नुसतं वर-खाली करत होते, साड्या, रेसिपी, कुणाच्या तरी घराचं रंगकाम. तेही लिहिलं, कारण तुम्हाला खरं हवंय. पहाट-रात्र मिळून फाइलीवर आणखी एक तास वीस मिनिटं. म्हणजे फाइली एकूण साडेपाच तास. ऑफिसात असताना दिवसाला सरासरी चाळीस फाइली व्हायच्या, आता त्रेचाळीस होतात. ऑफिसातही मी आठ तास फाइली करत नव्हते, कुणीच करत नव्हतं. तिथला चहा, जागेवरच्या गप्पा, मीटिंगरूम रिकामी व्हायची वाट बघणं हे सगळं कामातच धरलं जायचं, कारण आम्ही इमारतीत होतो.

आता तुकडे म्हणजे काय ते सांगते, कारण सगळी मेख तिथं आहे. एका फाइलीत डिस्चार्ज समरी, बिलं, रिपोर्ट, पॉलिसीच्या अटी असं सगळं एकमेकांशी पडताळायचं असतं. समजा पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला ४,००० आहे आणि पेशंट ६,००० च्या खोलीत राहिला. मग नुसते वरचे २,००० कापून भागत नाही. अशा बऱ्याच पॉलिसींत डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचा चार्ज असे खोलीच्या दर्जाशी जोडलेले खर्चही त्याच प्रमाणात कमी होतात. औषधं मात्र त्यातून वगळायची. हे डोक्यात मांडत असताना "अगं, जरा कुकर बंद कर" अशी हाक आली, तर उठून गॅस बंद करायला एक मिनिट लागतं, पण परत बसल्यावर मला पहिल्या बिलापासून सुरुवात करावी लागते. रकान्यात ते एक मिनिट दिसतं, गेलेली असतात दहा. माझ्या चुका तपासणीत जिथे सापडल्या, त्यातल्या बहुतेक अशा अर्ध्यावर सोडून परत धरलेल्या फाइली होत्या.

याच विषयावर चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीत २०१० च्या अखेरीपासून नऊ महिने एक प्रयोग झाला. स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला. कॉल सेंटरमधल्या लोकांना आठवड्यातले चार दिवस घरून काम दिलं आणि काम १३ टक्क्यांनी वाढलं. त्यातला मोठा भाग कशाचा, तर ब्रेक आणि आजारपणाच्या रजा कमी झाल्या, म्हणजे शिफ्टमधली कामाची मिनिटंच वाढली. बाकीचा भाग शांततेचा, मिनिटामागे कॉल जास्त झाले. हा आकडा लोक आनंदाने सांगतात, पण त्या प्रयोगात येण्यासाठीची एक अट सांगत नाहीत. घरात कामासाठी स्वतःची वेगळी खोली हवी होती. आमच्या पेठेतल्या घरात खोल्या चार, माणसं सहा. माझं टेबल मधल्या खोलीत आहे, स्वयंपाकघरात जायची वाट तिथूनच जाते. आणि त्या प्रयोगात स्वतःहून घरी गेलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांनी नंतर परत ऑफिस मागितलं, एकटं वाटतं म्हणून. मला एकटं कधीच वाटलं नाही, अर्धा तास तरी एकटं बसायला मिळावं असं वाटत राहिलं.

जाण्यायेण्याचा वेळ वाचतो, तो कुठे जातो हेही अनेकांना कळत नाही. पुण्यात मी सिंहगड रोडवरून खराडीला जायची, येऊन-जाऊन अडीच तास. २७ देशांत याचा अभ्यास झाला, त्यात घरून काम केलं की दिवसाला सरासरी ७२ मिनिटं वाचतात, भारतात ९९, असं निघालं. आणि वाचलेल्या वेळातला साधारण ४० टक्के वेळ लोक परत नोकरीच्याच कामात घालतात. हे वाचून मी माझी वही काढून बघितली. माझे अडीच तास तीन ठिकाणी गेले होते, थोडे रात्रीच्या फाइलीत, थोडे मुलाच्या अभ्यासात, आणि सगळ्यात जास्त स्वयंपाकघरात. सरकारच्या २०२४ च्या पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची त्या बिनपगारी कामाची दिवसाला २८९ मिनिटं आहेत आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. २०१९ च्या पाहणीत ती २९९ आणि ९७ होती. बाई ऑफिसला जाते तेव्हा त्यातला काही भाग सासू, कामवाली, कुणी ना कुणी उचलतं. ती घरी बसून काम करायला लागली की तो भाग न बोलता तिच्याकडे परत येतो. "घरातच तर हाईस" या एका वाक्यात माझा जेवढा वेळ गेला तेवढा फोनमध्येही गेला नाही, हे मी वही बघून सांगते.

ठिपक्याबद्दल बोलायचं तर टीम्सवर पाच मिनिटं माउस किंवा कीबोर्ड हलला नाही की हिरवा ठिपका पिवळा होतो. आमच्या टीममधली एक मुलगी माउस काट्याच्या घड्याळावर ठेवायची, सेकंदकाटा फिरला की पडद्यावरचा बाण हलतो. ती पळवाट आहे, मला पटत नाही. अमेरिकेत वेल्स फार्गो बँकेने २०२४ मध्ये असं कीबोर्ड चालू असल्याचं सोंग केल्याबद्दल डझनाहून जास्त लोकांना काढलं. पण ती मुलगी त्या वेळात अर्धांगवायू झालेल्या आईला भरवत होती आणि तिच्या फाइली आमच्यात सगळ्यात बिनचूक असायच्या. तिने हे उघड सांगायला हवं होतं आणि तिला सांगता येईल असं वातावरणही असायला हवं होतं. ठिपका बघणाऱ्याला फक्त माउस हलतोय एवढंच कळतं.

झोपणारे, भटकणारेही असतात, नाही कसे? गल्लीतली दोन पोरं आयटीत आहेत, शाहू स्टेडियमवर पेठेची फुटबॉलची मॅच असली की दुपारी लॅपटॉप उघडा ठेवून जातात. त्यातला एक रात्री एकपर्यंत बसून काम पुरं करतो, त्याच्या खिडकीतला उजेड मला माझ्या टेबलावरून दिसतो. दुसरा करत नाही. त्याचं काम मग दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात पडतं, आणि मला त्याचा खरोखर राग येतो, कारण त्याच्यामुळे सगळ्यांकडेच संशयाने बघतात.

आणि रात्रीचं काम म्हणजे कामचुकारपणाची भरपाई, असं समजू नका. पाळीने माझ्याकडे कॅशलेसच्या, म्हणजे बिल विमा कंपनीच थेट हॉस्पिटलला देते तशा, डिस्चार्ज फाइली येतात. २०२४ पासून विमा नियामकाचा नियम आहे, हॉस्पिटलची मागणी आल्यापासून तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची. तिकडे पेशंट कपडे करून तयार असतो आणि नातेवाईक काउंटरसमोर बसलेले असतात. मामांच्या अँजिओप्लास्टीच्या वेळी त्या खुर्चीत मी बसले होते, संध्याकाळी पाच ते रात्री साडेनऊ. त्यामुळे अशी फाइल समोर आली की मी घड्याळ बघत नाही. जुलै २०२१ च्या पुरात पंचगंगेने धोक्याची ४३ फुटांची पातळी ओलांडली, लाईट गेली, नळाला पाणी नाही. मी लॅपटॉप पिशवीत घालून नणंदेकडे राजारामपुरीत गेले आणि तिच्या इन्व्हर्टरवर काम केलं, मध्येच टँकर आला की घागर घेऊन रांगेत. त्या दिवसांत कोविडचे क्लेम येतच होते, थांबणार कसं?

वही भरून झाल्यावर मी ती दोघांनाही दाखवली. मॅनेजरनी ठिपक्याचा विषय सोडला आणि फाइली नि चुका बघायला लागले. आत्यांना मी पानं वाचून दाखवली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून साडेनऊ ते साडेअकरा त्या मधल्या खोलीचा पडदा ओढून घ्यायला लागल्या आणि दार वाजलं की स्वतः उठायला लागल्या. गुडघे दुखतात त्यांचे, तरी उठतात. माझ्या रात्रीच्या फाइली त्याने जवळजवळ निम्म्यावर आल्या.

तुमच्या दिराचं म्हणाल तर त्याचा क्लायंट न्यूयॉर्कच्या बाजूचा असेल तर तिथे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. तिथून पुढे चार-पाच तास त्याला कॉलवर राहावं लागत असणार. दुपारी अडीचला त्याने झोपायला नको तर कधी झोपायचं? एकदा रात्री अकराला पाण्याचा तांब्या ठेवायच्या निमित्ताने त्याच्या खोलीत डोकावून या. आणि जमलं तर सकाळी सगळ्यांसमोर त्याला विचारा, "रात्री किती वाजले रे?" घरातल्या बाकीच्यांनाही उत्तर ऐकू जाईल.