मसालेदार कॉफीचे परफ्यूम अंगावर कसे दरवळते?

कॉफी आणि मसाल्यांच्या सुगंधाचे परफ्यूम अंगावर नेमके कसे लागते, किती वेळ टिकते आणि इंदूरच्या हवेत ते घ्यावे का, असे आपण विचारले आहे. किलियन या फ्रेंच परफ्यूम-घराण्याचे 'इन्टॉक्सिकेटेड' मी गेले दोन हिवाळे लावते आहे, म्हणून त्याच्याच अनुभवावरून सांगते. कॅलिस बेकर यांनी रचलेले हे परफ्यूम 2014 साली आले आणि त्यामागची कल्पना वेलदोडा घातलेल्या तुर्की कॉफीची आहे.

कपातल्या कॉफीची अपेक्षा ठेवून बाटली उघडू नये. फवारल्याबरोबर पुढे येतो तो वेलदोडा, तोही हिरवा, सोलताना नखाला लागतो तसा, किंचित कापरासारखा गार. हा गारवा वेलदोड्याच्या तेलातल्या सिनिओल या द्रव्याचा असतो, आणि नीलगिरीच्या तेलातही तेच असते. पाच-दहा मिनिटांनी त्याच्याखालून जायफळ आणि दालचिनी वर येतात आणि त्यांच्या पाठोपाठ कॉफी येते. भाजलेली, कडसर, बिनदुधाची. आपल्या घरांत कॉफी म्हटली की जायफळ आलेच, त्यामुळे माझ्या नाकाने ती लगेच ओळखली. माझी आजी कॉफीचे पातेले उतरवले की किसणीवर जायफळ तीनदाच फिरवी आणि वर झाकण ठेवी. ते झाकण काढताना जी पहिली वाफ येई, तिच्यातले दूध आणि साय बाजूला काढता आली असती, तर जो वास उरला असता, तो या परफ्यूमचा पहिला अर्धा तास आहे. मला त्यातला हाच भाग सर्वांत प्रिय आहे.

खरी कॉफी मात्र माझ्या अंगावर दीड तासाच्या वर राहत नाही. भाजलेल्या कॉफीच्या ओळखीच्या वासात फरफ्युरिलथायोल या गंधकयुक्त द्रव्याचा मोठा वाटा असतो. ते अगदी लेशमात्र असले तरी नाकाला कळते, पण हवा लागली की लवकर बदलते. दळलेल्या कॉफीचा डबा उघडा राहिल्यावर तिचा वास उतरतो, त्याचे एक कारण हेच आहे. म्हणूनच अशा परफ्यूममध्ये कॉफीला जड, रेंगाळणाऱ्या वासांची जोड दिलेली आढळते. म्यूग्लरच्या 1996 सालच्या 'ए-मेन'मध्ये पॅचुली या मातकट वासाच्या वनस्पतीची, तर यव्ह सां लोरांच्या 2014 सालच्या 'ब्लॅक ओपियम'मध्ये व्हॅनिलाची जोड आहे. माझ्या परफ्यूममध्ये कॉफी ओसरल्यावर करपू घातलेल्या साखरेच्या पाकासारखा गोडवा आणि उबदार मसाला उरतो, तो आणखी चार-पाच तास अंगाजवळ राहतो. आपल्याला आवडायला हवा तो हा गोडवा, कारण दिवसाचा बहुतेक वेळ तोच सोबत असणार आहे.

यासाठी दुकानात कागदाच्या पट्टीवर हुंगून लगेच पैसे देऊ नयेत. मनगटावर लावून घरी यावे, मनगटे एकमेकांवर घासू नयेत आणि जेवणानंतर पुन्हा वास घेऊन पाहावा. नाक ताजे करण्यासाठी म्हणून काही दुकानदार कॉफीच्या बियांची वाटी पुढे करतात. कॉफीचेच परफ्यूम पाहायचे असताना ती मुळीच हुंगू नये, कारण नाक ज्या वासाला सरावते तोच वास मग त्याला कमी जाणवतो, आणि आपण जे शोधायला गेलो तेच हरवून बसतो. त्याऐवजी स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूचा वास घेतलेला बरा.

इंदूरचे म्हणाल, तर डिसेंबर-जानेवारीत हे परफ्यूम मनापासून घ्यावे. आपल्याकडच्या थंडीत हवा कोरडी असते, त्वचा ओढल्यासारखी होते आणि कोरड्या त्वचेवर सुगंध फार काळ धरत नाही. म्हणून आधी बिनवासाचे क्रीम किंवा व्हॅसलीन लावून त्यावर दोन फवारे पुरेसे होतात. मे महिन्याच्या दुपारी मात्र मी ते एकदाच लावले, आणि तो पाकाचा गोडवा घामात मिसळून इतका दाटला की घरी येऊन अंघोळ करावी लागली. दालचिनी आणि लवंग यांतील सुगंधी द्रव्ये काहींच्या त्वचेला झोंबतात, तेव्हा पहिल्या दिवशी कोपराच्या आत एकच थेंब लावून दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे.

गेल्या जानेवारीत हे लावून आम्ही रात्री सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, गेलो होतो. तिथे तळणीतून निघणारे गराडू हे कंद, त्यावर भुरभुरलेला जिरावण मसाला आणि तूप यांच्या वासापुढे माझे परफ्यूम मला अजिबात जाणवेना, म्हणून ते संपले असेच मी धरून चालले. सकाळी मफलरची घडी करायला घेतली, तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला, गळ्याशी लागलेल्या जागी, जायफळ आणि वेलदोडा दोन्ही होते.