व्याकरणाचे तुकडे जोडताना

नाशिक

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

संगणकासाठी मराठी वाक्याचं व्याकरण लिहिताना कर्ता, कर्म आणि क्रियापद असे तीन तुकडे केलेस, ते योग्यच. आता घोळ होईल तो सांध्यावर.

‘शेतकऱ्याने कांदे विकले’ आणि ‘शेतकऱ्याने बैलाला विकले’ ही वाक्यं शेजारी ठेव. पहिल्यात ‘विकले’ पुल्लिंगी अनेकवचनी, कर्मणी प्रयोग. दुसऱ्यात तेच रूप नपुंसकलिंगी एकवचनी, कारण कर्त्याला ‘ने’ असताना कर्मालाही ‘ला’ लागला की क्रियापदाचं लिंग-वचन कुणाशीच जुळत नाही, भावे प्रयोग. म्हणून ‘-ले’ला एकच लिंग-वचन बांधू नकोस. ‘-ली’चंही तसंच: बाग विकली, द्राक्षे विकली. शिवाय ‘तू कांदे विकलेस’ बघ. ‘-ले’ कांद्यांचं, ‘-स’ तुझं. क्रियापदाला जुळणीची दोन घरं लागतात, एक ठेवलंस तर हे वाक्य कधीच बसणार नाही.

‘काही ठरलं नसेल तर नपुंसकलिंगी एकवचन’ हा नियम क्रियापदाच्या तुकड्यात टाकण्याचा मोह होतो. टाकू नकोस. कर्म जोडायच्या आधीच तो लागू झाला तर ‘बाग विकली’ फसतं, नंतर झाला तर चालतं. निव्वळ एकीकरणात, म्हणजे तुकड्यांची माहिती नुसती जुळवून एकत्र करण्यात, क्रमाने फरक पडत नाही. असे गृहीत नियम तो फरक आणतात. सकर्मक भूतकाळासाठी भावेचा तुकडा वेगळा कर आणि ‘कर्माला ला हवाच’ ही अट त्यातच घाल. ‘ती धडा शिकली’मध्ये ‘ने’ येत नाही. ही नोंद ‘शिकणे’, ‘विसरणे’ अशा धातूंपाशी.

नोड, म्हणजे वाक्यरचनेच्या झाडातले बिंदू, जुळवायला रंग वापर. पांढरा म्हणजे रिकामी जागा, काळा म्हणजे भरलेली. पांढऱ्याला एक काळा मिळालाच पाहिजे, दोन काळे कधी जुळत नाहीत. पण दोन-दोन तुकडे चिकटवत जाऊ नकोस. कर्ता आणि कर्म यांच्यात थेट जुळणारं काही नसतं, तिथेच गाडी अडते. क्रियापदापासून सुरुवात केली तर तेच तुकडे बसतात. सगळे तुकडे आणि अटी आधी गोळा कर, मग एकदाच सोडव.

लिंग, वचन हे गुण. ‘वचन’ या गुणाला एका तुकड्यात ‘एक’ आणि दुसऱ्यात ‘एकवचन’ अशी वेगळी मूल्यं पडली तर वाक्य नाकारलं जातं, चूक लगेच दिसते. गुणाचं नावच चुकलं (‘वचन’ऐवजी ‘वाचन’) तर काहीच अडत नाही आणि चुकीची वाक्यंही खुशाल पास होतात. ही चूक जास्त घातक. म्हणून गुणांची यादी आधीच जाहीर करून ठेव.

चाचणीसाठी लासलगावच्या कांदाबाजाराच्या बातम्यांतली वाक्यं घे, आणि प्रत्येकाशेजारी एक मोडलेलं: ‘शेतकऱ्याने कांदे विकली’. ते नाकारलं गेलंच पाहिजे. ‘शेतकऱ्याने कांदे विकले’ची रचना एकच निघायला हवी. दोन निघाल्या तर आधी भावेची अट तपास.

तुझा,
एक शिक्षक