पदवी झाल्यापासून सतत उदास वाटतंय, हे डिप्रेशन असेल का? समुपदेशकाकडे जाऊ का?

हो, जा. आधी डिप्रेशन आहे का ते स्वतः ठरवायचं आणि मग जायचं, असं काही नसतं. ते ठरवायला मदत करणं हे त्यांचंच काम आहे.

शिक्षण संपलं की वेळापत्रक, मित्र, परीक्षा सगळं एकदम सुटतं. काही दिवस सैरभैर वाटणं साहजिक आहे. पण २ आठवडे जवळजवळ रोज, दिवसातला बराच वेळ मन खिन्न असेल किंवा आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, शिवाय झोप, भूक, एकाग्रता बिघडली असेल, तर थांबू नका. आंघोळ टाळणं, मित्राचा फोन वाजत असताना नुसतं स्क्रीनकडे बघत राहणं, नोकरीचा अर्ज अर्धा भरून सोडून देणं, याला लोक आळस म्हणतात. तुम्ही तरी म्हणू नका. पहिल्या भेटीत हेच जसंच्या तसं सांगा.

थायरॉइडच्या कमतरतेमुळेही असं होऊ शकतं, म्हणून डॉक्टरांना रक्ततपासणीबद्दल विचारा. एका समुपदेशकाशी सूर जुळला नाही तर दुसरा बघा.

जगणं नकोसं वाटत असेल, तर मात्र अपॉइंटमेंटची वाट न बघता आजच जवळच्या माणसाला सांगा आणि त्याला सोबत घेऊन हॉस्पिटलमध्ये जा.